सोलापुरात नाताळचा ऑपेरा बसवताना: पहिल्यांदा करणाऱ्या मंडळींसाठी

ऑपेरा म्हटलं की आपल्याकडची माणसं लगेच हात जोडतात. "ते परदेशातलं, उंच आवाजात गातात ते. आपल्याच्यानं कुठं व्हायचं?" मी सोलापुरातल्या एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, क्वायरमध्ये लहानपणापासून गाते. आम्ही इथल्याच गळ्यांवर नाताळचा ऑपेरा दोनदा उभा केला. गाणाऱ्यांत नर्स होत्या, यंत्रमागावरचे कामगार होते, रेल्वेतले होते, शाळेतले शिक्षक होते. स्वरलिपी वाचता येणारं माणूस त्यात एकच होतं. आता शेजारच्या मंडळ्यांमधून विचारणा होते, की आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू? म्हणून सगळं क्रमानं लिहून काढते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बाहेरची संहिता आणून तिच्या मापाचे गळे शोधत फिरू नका. आपल्या मंडळीत कोणते गळे आहेत ते आधी बघा आणि ऑपेरा त्यांच्या मापानं शिवा.

आधी शब्दाची भीती घालवा

नाताळची नाटिका आपण दरवर्षी करतो. शब्बाथशाळेची (चर्चमधल्या रविवारच्या शाळेची) मुलं संवाद म्हणतात, मधूनमधून क्वायर गीत गाते. ऑपेरात संवादसुद्धा गायचे असतात. मुख्य फरक एवढाच. काही जण विचारतात, "आम्ही हँडेलच्या 'मसीहा'तलं कोरस गातो, मग तो ऑपेराच ना?" तर नाही. 1742 मध्ये डब्लिनला पहिल्यांदा गायलं गेलेलं ते काम ऑरेटोरिओ आहे. सगळं गायलं जातं, पण कोणी वेष करत नाही, कोणी दार ठोठावत नाही, कोणी रंगमंचावर चालत येत नाही. ऑपेरात गाणाऱ्यानंच मरीया व्हायचं आणि गातागाताच चालायचं, बसायचं, बाळाला उचलायचं.

इटलीत हा प्रकार 1600 च्या सुमारास सुरू झाला. मोंतेवेर्दीचा 'ऑर्फेओ' 1607 चा. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा कथेचा धागा सूत्रधाराच्या गाण्यातूनच पुढे सरकत होता. 1880 मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि पात्रं स्वतः गाऊ लागली. आणि कीर्तनकार तर एकटाच उभा राहून राजा, राणी, चोर, साधू सगळे गाऊन दाखवतो. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या बाजूला एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती कीर्तनं होत आली आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आपण 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उघडून अजून गातो. गाऊन गोष्ट सांगणं आपल्या कानांना नवीन नाही. पाळकांपुढे आणि पंचांपुढे विषय मांडताना इथूनच सुरुवात करा.

पाळक आणि पंच कमिटी: जून संपायच्या आत

पहिली हरकत ठरलेली असते. "देवघरात नाटक कशाला?" आमच्याकडे एका वडीलधाऱ्या पंचांनी ती घेतली आणि ती मनापासून होती. त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. संत फ्रान्सिसनं 1223 मध्ये ग्रेच्चो गावात खरा गोठा, खरा बैल, खरं गाढव उभं करून नाताळची उपासना केली, कारण लोकांना ती रात्र डोळ्यांनी दिसावी असं त्याला वाटत होतं. दुसरी गोष्ट लूककृत शुभवर्तमानाची. त्याच्या पहिल्या दोन अध्यायांतच चार गीतं आहेत: मरीयेचं, जखऱ्याचं, देवदूतांचं आणि शिमोनाचं. संहिता आधीच गाणारी आहे.

तरीही काही मर्यादा आपणच घालून घ्या आणि बैठकीत आपणहून सांगा. प्रभुभोजनाचा मेज हलवायचा नाही. वेदीपुढच्या जागेत चपला घालून जायचं नाही. तालमीनंतर बाकं जागेवर लावूनच घरी जायचं. आमची परवानगी इतिहासानं मिळाली की बाकांनी, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या पंचांनी पुढे मेंढपाळांसाठी आपल्या घरची दोन घोंगडी काढून दिली.

तयार ऑपेरा की आपला?

नाताळवरच्या तयार ऑपेरांत सगळ्यात जास्त होणारा म्हणजे मेनोत्तीचा 'आमाल अँड द नाइट व्हिजिटर्स'. 24 डिसेंबर 1951 ला अमेरिकेत तो टीव्हीसाठी पहिल्यांदा झाला. एकच अंक, पाऊण तासाच्या आसपास. कुबडी घेऊन चालणारा एक गरीब मुलगा, त्याची विधवा आई आणि रात्री त्यांच्या दारात येणारे तीन राजे, एवढीच गोष्ट. चर्चमध्ये करायला तो फार सुंदर आहे. पण तीन गोष्टी आधी तोलून बघा. मेनोत्ती 2007 मध्ये वारले, त्यामुळे त्यावर अजून स्वामित्वहक्क आहे. प्रयोगासाठी आणि मराठी भाषांतरासाठीही प्रकाशकांची परवानगी लागते, शुल्क लागतं. आमालची भूमिका मुलानंच गायची, बाईनं नाही, अशी संगीतकाराची स्पष्ट सूचना आहे. आणि तिन्ही राजांना तीन वेगळ्या जातीचे पुरुषी आवाज लागतात: टेनर (उंच), बॅरिटोन (मधला), बेस (खालचा).

पहिल्या वर्षी आपला स्वतःचा करा, असं माझं ठाम मत आहे. 45 मिनिटांच्या वर नेऊ नका. टिळक 1919 मध्ये गेले, त्यांच्या कवनांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. जुन्या गीतांचं तसंच. मात्र अलीकडच्या कॅसेटवरचं किंवा यूट्यूबवरचं नाताळगीत आवडलं म्हणून उचलू नका. ते लिहिणारा, चाल लावणारा बहुधा हयात असतो. त्याला फोन करून विचारा. आम्ही विचारलं तेव्हा समोरून आनंदानं हो आलं आणि एक कडवं नवं लिहूनही मिळालं.

गळे तपासणं: जुलै

हे काम सर्वांत महत्त्वाचं, म्हणून इथे जरा थांबते.

एका रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवा आणि एकेकाला आत बोलवा. सगळ्यांसमोर गायला लावलं तर चांगले गळे लाजून घरी जातात. हार्मोनियम आणि एक वही, बाकी काही नको. ओळखीच्या गीताचं एक कडवं गाऊन घ्या. मग सूर हळूहळू चढवत न्या, नंतर उतरवत न्या, आणि वहीत तो शेवटचा सूर लिहा जिथे *शब्द अजून स्वच्छ कळतात*. आवाज कुठवर पोचतो हे ऑपेरासाठी पुरेसं नाही. वरच्या सुरात "बेथलेहेम" म्हटलं तर बेथलेहेमच ऐकू यायला हवं.

आपल्याकडे साधारण पुरुष पेटीच्या काळी एक पट्टीत गातात, बायका काळी चारमध्ये. चित्रपटगीतं म्हणताना हे अडत नाही, पण मरीया आणि योसेफ एकमेकांशी गाऊन बोलायला लागले की अडतं. त्याची पट्टी धरली तर तिचा आवाज तळात बुडतो, तिची धरली तर तो ओरडायला लागतो. आमच्या हार्मोनियमवाल्या काकांनी यातून सुरेख वाट काढली. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. योसेफ आपलं वाक्य पंचमावर नेऊन सोडतो, पेटी तो सूर धरून ठेवते आणि मरीया तोच आपला षड्ज मानून उत्तर देते. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. त्याचं वाक्य तिनं हातात घेतलं एवढंच जाणवतं. सगळ्यांनी मिळून गायची गीतं आम्ही पांढरी दोनमध्ये ठेवली.

मुलांच्या बाबतीत एक सावधगिरी. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज जुलैत चांदीसारखा असतो आणि डिसेंबरात फुटलेला असतो. लहान मेंढपाळाची भूमिका द्यायची तर नऊ-दहा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी बघा, आणि दुसरं मूल सोबत तयार ठेवा.

मरीयाही दोन ठेवा. आमची मरीया नर्स होती आणि तिची ड्युटी महिन्याला बदलायची. दोघी सगळ्या तालमी करतात, एक दिवस ही गाते, एक दिवस ती. ज्या दिवशी जी गात नाही ती क्वायरमध्ये उभी राहते. रुसवेफुगवे टाळायचे तर हे पहिल्याच बैठकीत दोघींना समोर बसवून सांगा. मागाहून कळलं तर बोचतं.

एकूण 18-20 माणसं पुरतात. त्याहून जास्त आली तर आनंदानं घ्या, पण स्वतंत्र भूमिका वाढवू नका.

लिहिणं: ऑगस्ट

प्रसंग फार घेऊ नका. गब्रीएलाचा निरोप, मरीया-अलीशिबा भेट, नावनिशी आणि प्रवास, उतारशाळेचं दार, रानातले मेंढपाळ, हेरोद राजा आणि मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक), शेवटी गव्हाणी. एवढ्यात पाऊण तास भरतो. मागी तीनच होते असं मत्तय कुठे म्हणत नाही, आणि ते गोठ्यात नाही तर घरात आले असं तो लिहितो. रंगमंचावर सगळ्यांना एकत्र आणायला हरकत नाही, पण शब्बाथशाळेच्या मुलांना खरं काय लिहिलंय ते वाचून दाखवा.

आता गाऊन बोलायच्या वाक्यांचं काय करायचं? परदेशी ऑपेरात त्याला रेसिटेटिव्ह म्हणतात, बोलण्या-गाण्याच्या मधलं काहीतरी. त्याची नक्कल मराठीत केली की शब्द लंगडतात. आपल्याकडे त्यासाठी घडवलेली भांडी आधीच आहेत: ओवी, साकी, दिंडी. साकीची ओळ 28 मात्रांची, 16 वर थांबा घेऊन पुढे 12. ती निवेदनाला छान धावते. दिंडी 19 मात्रांची, 9 आणि 10. ती दुःखाला, विनवणीला शोभते. आणि ओवी सगळ्याला. आमच्या ऑपेरात उतारशाळेच्या दाराशी योसेफ उभा राहून हे गायचा:

दूरचा प्रवास, पाय सुजलेले,
दार ठोठावून हात दमलेले,
उतारशाळेत दिवे विझलेले,
जागा नाही.

पहिल्या तीन ओळी योसेफाच्या. चौथी आतून येते, दार न उघडता. त्या "जागा नाही"ला आम्ही चाल लावलीच नव्हती, नुसता एक सूर. आषाढीला पंढरपुरात धर्मशाळेच्या पायरीवर रात्र काढलेली माणसं आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहेत. त्या ओळीला चर्चमध्ये जी शांतता पसरायची ती मी विसरणार नाही.

इंग्रजी नाताळगीताच्या चालीवर मराठी शब्द बसवणार असाल तर ऱ्हस्व-दीर्घ जपा. "गव्हाणी" या शब्दाचं वजन "व्हा"वर आहे. चालीतला लांब सूर "ग"वर पडला की ऐकणाऱ्याला "गाऽव्हाणी" ऐकू येतं आणि डोळ्यांपुढून गव्हाण निघून जाते. अशा वेळी शब्द बदला किंवा चाल आधीच्या मात्रेपासून उचला. लिहून झालं की न गाता नुसतं तालात म्हणून बघा. जिथे जीभ अडखळते तिथे सूरही अडखळणार.

सोलापूरचे सूर

मेंढपाळांचा प्रसंग लिहिताना आमच्याकडे आधी इंग्रजी कॅरलची चाल घेतली होती. ती गोड होती, पण रानात बसलेली माणसं वाटत नव्हती. मग एकानं सुचवलं की आपल्याकडे मेंढरं राखणारे धनगर आहेत, त्यांच्या ओव्या आहेत, गजीढोल आहे. आम्ही जिल्ह्यातल्या एका जाणत्या ओवीकारांना बोलावलं, त्यांना मानधन दिलं, आणि त्यांनी दोन संध्याकाळी बसून आमच्या मुलांना ती उचल शिकवली: एकानं ओढायचं, बाकीच्यांनी झेलायचं. ढोल मात्र चर्चच्या दगडी भिंतींत फार घुमतो. एकच ठेवा आणि त्याच्या तोंडावर टॉवेल टाका.

मागी पूर्वेकडून आले, म्हणजे परभाषेतून आले. सोलापुरात परभाषा शोधायला लांब जावं लागत नाही. आमचा एक मागी तेलुगूत गायचा, दुसरा कन्नडमध्ये, तिसरा उर्दूत, आणि हेरोदासमोर तिघंही मोडक्या मराठीत यायचे. पूर्वभागातल्या तेलुगू मंडळीतून एक अण्णा खास त्यासाठी आले. तालमीत शेवटचा पाळणा चालू होता, "जो बाळा जो जो रे जो", आणि अण्णा म्हणाले, "आमच्यातपण जो जो च म्हणतात." कन्नड मागी म्हणाला, "आमच्या जोगुळातपण." मग पाळण्याचा शेवट आम्ही बदलला. तिघं आपापल्या भाषेत एकेक ओळ गातात आणि "जो जो"वर सगळे एकत्र येतात. तो भाग लिहायला आम्हाला पाच मिनिटं लागली आणि प्रयोगात तोच सगळ्यांच्या लक्षात राहिला. तुमच्या मंडळीत घरी कोण कोणती भाषा बोलतं, हे विचारायला विसरू नका.

तालमी

ऑगस्टअखेरपासून आठवड्याला दोन दिवस. शिफ्टची माणसं असतात, त्यामुळे रात्री आठच्या आधी कोणी जमत नाही आणि दहाच्या पुढे बसवू नये. गणपतीचे दहा दिवस सोडून द्या, रस्त्यावर ढोल-लेझीम चालू असताना सूर लागत नाही. सहामाही परीक्षेत मुलांना बोलावू नका. दिवाळीची सुट्टी मात्र पुरती वापरा, ते आठ-दहा दिवस दोन महिन्यांचं काम करतात.

शिकवायचं कानानं. प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी गाऊन फोनवर रेकॉर्ड करा आणि ग्रुपवर टाका. सोप्रानोनं (बायकांच्या उंच आवाजानं) सोप्रानोची ऐकायची, टेनरनं टेनरची. कागदावर पाश्चात्त्य स्वरलिपीऐवजी सारेगम लिहून द्या. चार आवाजांची गुंफण सबंध ऑपेरात तीनच ठिकाणी ठेवा: देवदूतांचं स्तवन, मागींची मिरवणूक, शेवट. बाकी एका आवाजात किंवा फार तर दोन आवाजांत. वीस माणसांनी पाठ केलेली दोन आवाजांची ओळ अर्धवट आलेल्या चार आवाजांपेक्षा कितीतरी भरीव वाटते.

चालणं-फिरणं नोव्हेंबरात आणा, गाणं पूर्ण पाठ झाल्यावरच. हातात कागद असलेली मरीया बाळाला घेणार कशी? आणि गायकांना वळायला शिकवा. चर्चमध्ये ऑर्केस्ट्रासाठी खड्डा नसतो. हार्मोनियम, तबला, बासरी, व्हायोलिन जे असेल ते एका बाजूला पहिल्या बाकापाशी बसवा, इशारा देणारं माणूस त्यांच्याजवळ उभं करा. ते माणूस प्रत्येक जागेवरून दिसतंय की नाही, हे स्वतः त्या जागी उभं राहून तपासा. आमचा योसेफ दाराकडे तोंड करून उभा राहायचा आणि दर वेळी अर्धी मात्रा उशिरा उचलायचा. दार दोन हात पुढे आणलं, चूक गेली.

घुमणारा आवाज, चादरी आणि कडबा

जुन्या चर्चमध्ये उंच छत, दगडी भिंती, लाकडी बाकं. उपासनेच्या गीताला तो घुमारा छान, ऑपेराच्या शब्दांना वाईट. एक अक्षर संपेपर्यंत मागचं परत येतं. साउंडवाला यावर आणखी दोन स्पीकर सुचवतो. ते नको, त्यानं घुमारा वाढतोच. मागच्या भिंतीवर आणि बाजूच्या कमानींमध्ये जाड सुती चादरी सोडा, भिंतीपासून वीतभर पुढे. आम्ही घराघरांतून सोलापुरी चादरी गोळा केल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यावर नावाची चिठ्ठी टाचली आणि दोऱ्यांवर टांगल्या. मोर, कमळ, चौकटी अशी सगळी भिंत. टाळी वाजवून बघितली तर फरक लगेच कळला. प्रयोगाच्या दिवशी माणसं भरली की आवाज आणखी सुकतो, हेही धरून चाला. माइक मोजकेच, वर टांगलेले किंवा कडेला उभे. कॉलर माइक लावला तर घोंगडी त्यावर घासते.

आता आमची फजिती. गव्हाणीत कडबा हवा म्हणून एका सभासदांच्या गोठ्यातून ज्वारीच्या कडब्याच्या दोन पेंड्या आणल्या आणि प्रयोगाच्या संध्याकाळीच सोडल्या. पाळण्याच्या दुसऱ्या कडव्याला मरीया वाकली, धूळ नाकात गेली आणि तिला ठसका लागला. गाता येईना. क्वायरमध्ये उभ्या असलेल्या दुसऱ्या मरीयेनं तिथूनच ओळ उचलली, पहिलीनं बाळाला छातीशी धरून मान खाली घातली, आणि बघणाऱ्यांना ते तसंच ठरलेलं वाटलं. दुसऱ्या वर्षी कडबा आठवडाभर आधी आणून अंगणात झटकला, ऊन दिलं, आणि गव्हाणीत वरून सुती कापड अंथरलं. तुम्हीही तसंच करा. कडबा ठिणगीला लगेच पेटतो. जवळ मेणबत्ती नको, बॅटरीचे दिवे वापरा. वाळूच्या दोन बादल्या आणि अग्निशामक नळकांडं पडद्यामागे हवंच, आणि ते कसं चालवायचं हे दोघांना तरी येऊ द्या.

कपड्यांवर खर्च करू नका. मेंढपाळांना घोंगडी, मरीयेला साधं सुती इरकल, बाळाला गुंडाळायला धुवून मऊ झालेला टॉवेल. मागींच्या अंगावर कोऱ्या चादरी शालीसारख्या घेतल्या तर दिव्यात त्या झळकतात. देवदूतांना थर्माकोलचे पंख लावू नका, ते दारात अडकतात आणि मुलं गाणं सोडून पंखच सांभाळत बसतात.

परवानग्या, भाडी, तारखा

मांडव, लाइट आणि साउंडवाले ऑक्टोबरातच सांगून ठेवा. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, पाठोपाठ सिद्धेश्वरांची यात्रा येते, आणि डिसेंबरात भाव आणि माणसं दोन्ही हाताला लागत नाहीत. आवारात उघड्यावर करणार असाल तर ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी घ्या. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वर्षातल्या ज्या ठरावीक दिवसांना 12 पर्यंत सूट जाहीर होते त्या यादीत तुमची तारीख आहे का ते बघा, गृहीत धरू नका. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात तिकीट लावून करायचं मनात असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्याला दोन-तीन महिने हातात ठेवा. पहिल्या वर्षी मी चर्चमध्येच, विनामूल्य करा म्हणेन.

24 किंवा 25 ला प्रयोग ठेवू नका. डिसेंबरच्या मध्यापासून क्वायर रोज रात्री घरोघरी कॅरल गात फिरते. थंडी, धूळ, प्रत्येक घरचा चहा आणि करंजी. 24 पर्यंत गळे बसलेले असतात. कॅरल राउंड सुरू व्हायच्या आधीचा शनिवार घ्या, म्हणजे आगमनकाळातच (नाताळच्या आधीच्या आठवड्यांत). दुसरा प्रयोग हवा तर 27-28 ला, दोन दिवस सगळ्यांना गप्प बसवून. भूमिका असलेल्यांना त्या वर्षी कॅरलला फक्त टाळ वाजवायला न्या. आणि प्रयोगाच्या दिवशी शेंगाचटणी, कडक भाकरी, तळलेलं काही नाही. मऊ भात, वरण, कोमट पाणी.

प्रयोगाचा दिवस

चारला सगळे हजर. पूर्ण ऑपेरा पुन्हा गाऊ नका. फक्त सांधे गा: जिथे एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या जागा. थंडीत आणि दिव्यांच्या उष्णतेत तबल्याचा आणि व्हायोलिनचा सूर उतरत-चढत राहतो, लोक आत यायच्या दहा मिनिटं आधी पेटीशी पुन्हा जुळवा. वीज जाईल असं समजूनच तयारी ठेवा. जनरेटर नसेल तर चार मोठ्या बॅटऱ्या ठरलेल्या माणसांच्या हातात द्या, आणि गायकांना सांगा की अंधार झाला तरी गाणं थांबवायचं नाही. पाळकांनी सुरुवातीला प्रार्थना करावी, पण गोष्ट आधीच सांगून टाकू नये, अशी त्यांना नम्र विनंती करा.

टाळ्या वाजवायच्या की नाही यावर आमच्याकडे बराच वाद झाला. शेवटी ठरलं, की पाळणा संपल्यावर दिवे मंद करायचे, सगळ्या मंडळीनं उभं राहून ओळखीचं एक नाताळगीत गायचं, आणि गायकांनी गात गात मधल्या वाटेनं दाराकडे जायचं. दारात तीळगूळ देतात तसे आम्ही शेंगदाण्याचे लाडू दिले. लोक थांबून बोलत राहिले. एक मावशी घोंगडी पांघरलेल्या छोट्या मेंढपाळाला सोडायलाच तयार नव्हत्या.

त्या रात्री कोणी आवरायला थांबू नका, गायकांना तर अजिबात नको. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर सगळ्यांनी मिळून दोऱ्या सोडायच्या, चिठ्ठ्या वाचून चादरी घरोघर पोचवायच्या, घोंगडी उन्हात टाकायची, रेकॉर्डिंग दोन ठिकाणी उतरवून ठेवायचं, हिशेब लिहून पंचांकडे द्यायचा. कडब्याच्या पेंड्या ज्या गोठ्यातून आणल्या तिथेच परत न्या. आमच्या पेंड्यांवर म्हैस लगेच तोंड टाकायला लागली, आणि सोबत आलेली शब्बाथशाळेची मुलं गव्हाणीच्या कडेला बसून तिला "जो जो" ऐकवत होती.